जुने एक्स-रे काढून ठेवा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर आई रडायला लागली की माझं बोलणं अर्धवट राहतं, म्हणून लिहिते आहे. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा.

बाबा, तुमच्या उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात 14 मिमीची गाठ आहे, कडा खडबडीत आहेत आणि पेट स्कॅनमध्ये ती चमकली आहे. एवढं वाचून शेजारच्या काकांनी 'कॅन्सरच' असा निकाल देऊन टाकला! पेट स्कॅन कॅन्सर ओळखत नाही, साखर कुठे जास्त खर्च होते तेवढं दाखवतो. कॅन्सरच्या पेशी साखर खातात, तशा टीबीशी लढणाऱ्या पेशीही खातात. जागेवरूनही काही ठरत नाही, टीबी आणि कॅन्सर दोघांनाही फुफ्फुसाचा वरचाच भाग जास्त मानवतो.

अमेरिकेत सिगारेटवाल्यांची मोठी पाहणी झाली होती, 2011 साली तिचे निष्कर्ष आले. सीटी स्कॅनमध्ये संशयास्पद काही दिसलेल्या दर शंभरांत 96 वेळा तो कॅन्सर नव्हता. पण त्यातल्या बऱ्याच गाठी अगदी बारीक होत्या, म्हणून तो आकडा तुम्हाला जसाच्या तसा लावून मी खोटा धीर देणार नाही.

बाबा, गिरणीत असताना तुम्हाला टीबी झाला होता, हे डॉक्टरांना सांगितलंच नाहीत म्हणे. सांगा हो, त्यात लाजायचं काय? आई, ट्रंकेत तळाशी त्यांचे जुने एक्स-रे असतील, ते काढ. हीच गाठ तिथे पूर्वीपासून तेवढीच दिसली, तर अर्धं काम झालं. घन, म्हणजे भरीव गाठ दोन वर्षं वाढली नाही, तर ती बहुधा निरुपद्रवीच असते.

तरी बायोप्सीला, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायला, नाही म्हणू नका. सुई लावली की कॅन्सर पसरतो, या भीतीपायी तपासणी टाळण्यात अर्थ नाही. खरा धोका फुफ्फुसातून हवा गळण्याचा, म्हणून नंतर काही तास तिथेच थांबवून घेतात. आणि 'आधी टीबीच्या गोळ्या देऊन बघू' असं कुणी म्हणालं, तर मला फोन लावा. गाठ कॅन्सरची निघाली तर ते महिने फुकट जातील.

तुकडा काढण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: थोडा भाग टीबीच्या तपासणीला वेगळा ठेवणार ना? सगळा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रवात गेला तर त्यातून टीबीचे जंतू वाढवून बघता येत नाहीत. रक्त पातळ करायची गोळी मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने मी येते.

तुमची,
मनू