ट्रम्पेट एका खात्यात, कविता दुसऱ्या, चित्र तिसऱ्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: सोलापुरात वादक, कवी आणि चित्रकार यांच्या एकत्रित कार्यक्रमासाठी एक अर्ज आणि एक खोली मिळण्याबाबत

महोदय,

आम्हा काही जणांना सोलापुरात एक कार्यक्रम करायचा आहे. बँडमधले दोन-तीन वादक, चार भाषांतले कवी आणि भिंतीवर समोरच चित्र काढणारे चित्रकार, सगळे एका वेळी, एका खोलीत. अनुदानाची चौकशी करायला गेलो तर एका कार्यालयात विचारलं गेलं, ‘संगीत, साहित्य की चित्रकला? एकावर खूण करा.’ तिन्हींवर खूण केली, तर अर्ज परत आला.

त्या टेबलावरच्या माणसाला मी दोष देत नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालय आपल्या विभागाकडे, साहित्य संस्कृती मंडळ मराठी भाषा विभागाकडे, आणि कला संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे. कवीने वाचताना मागे ट्रम्पेट वाजला की ते दोन विभागांचं काम होतं, चित्रकाराने ब्रश उचलला की तीन.

या कलांनी मात्र एकमेकींकडे जाताना कधी परवानगी मागितलेली नाही. अमेरिकेत लँग्स्टन ह्यूज यांनी १९५८ साली चार्ल्स मिंगस यांच्यासारख्या जॅझ वादकांच्या साथीने आपल्या कविता ध्वनिमुद्रित केल्या. त्याआधी पीट माँड्रियन हा डच चित्रकार युद्धकाळात न्यूयॉर्कला आला, बूगी-वूगी हे ठेक्याचं पियानो-संगीत ऐकून खुळावला आणि १९४२-४३ मध्ये त्याने शहराच्या आडव्या-उभ्या रस्त्यांसारखं एक चित्र काढलं. पिवळ्या पट्ट्या, त्यांत लाल, निळे, राखाडी चौकोन.

या चित्राची छापील प्रत मी पूर्व भागात चादरींच्या जेकार्ड मागासाठी डिझाइनं काढणाऱ्या एका कारागिरासमोर ठेवली. चित्रकाराचं नाव सांगितलं नाही. त्याने विचारलं, ‘ग्राफ कुणाचा आहे?’ त्याचं बरोबरच होतं. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते, एकेक चौकोन भरत. त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पाडतात आणि कोणता ताणा उचलायचा, कोणता खाली राहायचा, हे ते भोक ठरवतं. हल्ली बरंच काम संगणकावर होतं, पण चौकोन तेच. माँड्रियनला जसा ठेका ऐकून सुचलं तसा आमच्याकडे मागांतून रोज ऐकू येतो. ज्याने मागाच्या आवाजात आयुष्य काढलंय त्याला ताल शिकवावा लागत नाही.

बँडवाल्यांचंही तसंच. वरातीत कुणीतरी ओरडून गाण्याचं नाव सांगतो, समोर नोटेशन नसतं, आणि दोन गाण्यांमधली जागा ट्रम्पेटवाला मनाने भरतो. न्यू ऑर्लिन्समध्ये जॅझ घडला त्यातही रस्त्यावरून चालणाऱ्या ब्रास बँडचा मोठा वाटा होता. मुंबईत तो १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजू लागला, गोव्याच्या वादकांनी उचलला. त्यांतलेच चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागले आणि १९५१च्या ‘अलबेला’त आपल्या बँडसह पडद्यावरही दिसले. ती गाणी वाजवत वाजवत आमचे बँड मोठे झाले. तेव्हा ‘सोलापूरला जॅझ कशाला?’ असं कुणी विचारलं, तर तो प्रश्न तसा उशिराच आलाय.

हे थेर मुंबईचे, असंही कुणी म्हणेल. नळाला रोज पाणी नाही आणि यांना ट्रम्पेट हवा, असंही. पाण्यासाठी आम्ही वेगळं पत्र लिहितो, आणि ते याहून बरंच मोठं असतं.

कवितेचं काय सांगू? बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी कन्नडमध्ये वचनं रचली, आणि त्यांच्या यात्रेला आजही सगळं गाव लोटतं. पेशवाईत राम जोशी याच शहरातले. डफ घेऊन माणसांना उभं करणारे अमर शेख बार्शीचे, चित्रांनी जग फिरलेले हुसेन जन्माने पंढरपूरचे. आज एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू ऐकू येते. पण मुशायरा वेगळ्या मैदानात, कविसंमेलन वेगळ्या सभागृहात, आणि तेलुगू कवी बहुधा आपल्याच समाजाच्या कार्यक्रमात. हे लोक एकमेकांच्या लग्नाला जातात, कवितेला जात नाहीत. सनईवाला किंवा हलगीवाला मध्ये बसला तर जातील, असं मला वाटतं. भाषा अडली तरी ठेका अडत नाही.

त्यासाठी भव्य सांस्कृतिक भवन नको. कृपा करून नकोच. हजार खुर्च्यांच्या सभागृहाचं भाडं ऐकूनच कवी घरी जातो. मुंबईत प्रभादेवीला पु. ल. देशपांडे कला अकादमीच्या आवारात नाट्यगृहही आहे, कलादालनही. तसं एकत्र असणं आम्हाला शंभर खुर्च्यांच्या मापात हवं आहे. खिळा मारता येईल अशी भिंत, बंदिस्त खोली, परवडेल एवढं भाडं. सरकारी किंवा पालिकेच्या एखाद्या वापरात नसलेल्या इमारतीचा एक मजला पुरे. आणि बँडवाल्याला ‘साथीदार’ म्हणून नारळ-शाल न देता कवीइतकंच मानधन. या एका मुद्द्यावर मी हटणार नाही, कारण या खोलीत सगळ्यात जास्त दम त्याचा लागणार आहे.

अर्जाचं तर एका शासन निर्णयाने भागेल. तिन्ही विभागांनी मिळून ‘एकत्रित कलाप्रयोग’ असा एक रकाना ठेवावा, आणि जिल्ह्यात अर्ज घेणारं कार्यालय एकच असावं. ते कोणतं, हे कळवलंत की आम्ही दुसऱ्याच दिवशी अर्ज घेऊन येतो. उत्तर तुळशीच्या लग्नाआधी आलं तर बरं. त्यानंतर वादक वरातींमध्ये अडकतात आणि थेट उन्हाळ्यापर्यंत मोकळे होत नाहीत.

आपला,
सोलापूरच्या पूर्व भागातला एक ड्रॉइंग शिक्षक