रात्री फोन उचलणाऱ्या साथींसाठी आवाहन

सस्नेह नमस्कार.

कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात समलिंगी, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) आणि तृतीयपंथी व्यक्तींमध्ये आमची संस्था लैंगिक संबंध, अमली पदार्थ आणि मनाने घेतलेली औषधे यांतली जोखीम कमी करण्याचे काम करते. हे काम समुदायातलीच सहा माणसे करतात. आम्ही त्यांना साथी म्हणतो; प्रकल्पाच्या कागदांवर त्यांना पीअर एज्युकेटर म्हणतात. येत्या वर्षभरात त्यांचे मानधन, रात्रीचा प्रवास आणि पिशवीतले सामान यांचा खर्च भागावा, यासाठी हे आवाहन करीत आहोत.

साथीची पिशवी साधी असते. तिच्यात निरोधची पाकिटे, ल्यूबचे (वंगणाचे) सॅशे, ओआरएसच्या पुड्या, पाण्याची बाटली, पॉवर बँक आणि व्हिजिटिंग कार्डाएवढ्या जाड कागदांचा एक गठ्ठा असतो. त्या कागदावर तीनच क्रमांक छापलेले आहेत : रुग्णवाहिकेचा १०८, एड्सविषयक राष्ट्रीय हेल्पलाइनचा १०९७ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानसचा १४४१६. संस्थेचे नाव आम्ही मुद्दामच छापलेले नाही, कारण कपडे धुवायला घेताना आईच्या हाती ते कार्ड लागले तर त्यावरून घरात चौकशी सुरू होऊ नये. साथी ज्या ठिकाणी जातात त्यांची नावेही याच कारणाने या निवेदनात दिलेली नाहीत.

जोखीम कमी करणे म्हणजे नेमके काय, आणि त्यातून व्यसनाला उत्तेजन मिळत नाही का, हा प्रश्न देणगीदार हमखास विचारतात आणि त्यांनी तो विचारावाच. महाराष्ट्राला व्यसनमुक्तीचे काम चांगले परिचयाचे आहे. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून ते करीत आहे, आणि सोडायची इच्छा असलेल्या व्यक्तीला आम्हीही अशाच केंद्राचा रस्ता दाखवतो. मात्र ज्याची आज सोडण्याची तयारी नाही, किंवा जो स्वतःला व्यसनी समजतच नाही, तोही तयारी होईपर्यंत जिवंत आणि शक्य तितका निरोगी राहिला पाहिजे, एवढीच आमची भूमिका आहे. आम्ही कोणालाही अमली पदार्थ देत नाही. पॉपर्स हे नशेचे द्रव हुंगणाऱ्याने त्याच रात्री ताठरतेची गोळी घेतली तर रक्तदाब एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकते, हे त्याला वेळेवर सांगणारे कोणी तरी असावे. एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) घेतलेल्याचे अंग तापू लागले, तो असंबद्ध बोलू लागला, तर पोलिसांच्या भीतीने त्याला खोलीत कोंडून ठेवू नये, १०८ ला फोन करावा, हेही मित्रमंडळींना आधीच ठाऊक असावे.

पारलिंगी स्त्रियांच्या बाबतीत ज्या जोखमीविषयी फारसे बोलले जात नाही ती संप्रेरकांची (हार्मोन्सची). डॉक्टरांकडे जाण्याची लाज, आणि गेल्यावर मिळणारी वागणूक, यांमुळे कित्येक जणी मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनानेच घेतात, आणि शरीरात स्त्रीसारखा बदल लवकर दिसावा म्हणून दिवसाला एकीच्या जागी तीन-चार घेतात. त्या गोळ्यांतल्या एस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे प्रमाण असे वाढवले की रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि सिगारेट ओढणारीला तो अधिकच असतो. संप्रेरकांची इंजेक्शने घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. आमच्या एका साथीला एका खोलीत तिघी जणी एकच सिरिंज गरम पाण्याने धुऊन वापरताना आढळल्या. नवी सिरिंज कटिंग चहाच्या किमतीत मिळते, पण साडी नेसलेल्या आणि आवाज जाड असलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार चार लोकांसमोर “कशाला पाहिजे?” विचारत असेल तर ती पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. हेपटायटिस सीचा विषाणू वापरलेल्या सिरिंजमध्ये कित्येक आठवडे टिकू शकतो, हे त्या तिघींना कोणी सांगितलेलेच नव्हते. आज साथी त्यांच्यासाठी सिरिंज घेऊन जाते आणि वापरलेल्या सुया झाकणाच्या घट्ट डब्यात परत आणते.

मागच्या पावसाळ्यातली एक गोष्ट, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे नोंदवीत आहोत. शनिवारी रात्री दोन वाजता एका तरुणाचा साथीला फोन आला. निरोध फाटला होता, आणि जोडीदाराने एचआयव्हीची तपासणी कधी केलीच नव्हती. संसर्ग टाळणारी औषधे अशा वेळी शक्य तितक्या लवकर आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. सोमवारची वाट पाहिली असती तर जवळजवळ निम्मी मुदत वाया गेली असती. साथीने पहाटेची पहिली लोकल पकडून त्याला रुग्णालयात नेले, केसपेपर काढला, आणि सर्वांदेखत प्रश्न विचारले जाऊ लागले तेव्हा “डॉक्टर, जरा आत बोलू या,” असे शांतपणे सांगितले. गोळ्यांचे पैसे त्या मुलाजवळ नव्हते. ते संस्थेने दिले. तपासणीसाठी संमती आणि माहितीची गोपनीयता हा एचआयव्ही कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि तो कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर चारच दिवसांनी, लागू झाला. तरीही खिडकीपाशी तो हक्क मागायला बरोबर कोणी तरी लागतेच.

अशा वेळी अनोळखी समाजसेवकाला कोणी फोन करीत नाही. महाराष्ट्राला हा धडा नवा नाही : सांगलीत संग्राम या संस्थेने धंदा करणाऱ्या स्त्रियांनाच या कामाच्या केंद्रस्थानी आणले, तर मुंबईत १९९४ साली स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्टने समलिंगी पुरुषांसाठीचे काम समुदायातूनच उभे केले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. देणगीदार ब्लँकेटे देतात, दिवाळीला फराळ देतात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत, पण मानधनाचा विषय काढला की “हे काम सेवाभावाने नको का व्हायला?” असे विचारले जाते. आमच्या एका साथीने हे काम पत्करल्यापासून लोकलमधली मंगती (पैसे मागणे) निम्म्यावर आणली आहे, आणि दुसरा दिवसभर कुरिअर वाटून रात्री नऊला पिशवी खांद्याला लावतो. शेवटची लोकल चुकली तर रिक्षाचे दीडशे-दोनशे रुपये त्यालाच मोजावे लागतात. ज्यांच्याजवळ सर्वांत कमी आहे त्यांच्याकडूनच फुकट श्रमांची अपेक्षा ठेवणे आम्हाला मान्य नाही, आणि मानधनाअभावी एक साथी काम सोडून गेला की त्याच्यावर विश्वास टाकलेली माणसेही संपर्काबाहेर जातात. म्हणून वस्तूंऐवजी पैसे, आणि शक्य असल्यास एकरकमी मोठ्या रकमेऐवजी दरमहा ठरावीक छोटी रक्कम द्यावी, अशी विनंती आहे.

देणगी सोबतच्या क्यूआर कोडवर किंवा धनादेशाने द्यावी. प्राप्तिकर सवलतीची पावती मिळेल. मात्र २,००० रुपयांवरील रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही आणि नव्या करप्रणालीतही ती लागू नाही. परदेशातील मराठी मंडळींपैकी ज्यांच्याजवळ भारतीय पारपत्र आहे त्यांना स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देता येईल. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून, ओसीआय कार्ड असले तरी, विदेशी देणगीची परवानगी नसल्यामुळे आम्हाला ती स्वीकारता येत नाही. उरलेली औषधे कृपया पाठवू नयेत. आपण डॉक्टर, परिचारिका किंवा मेडिकलचे चालक असाल आणि आमच्या साथीने पाठवलेल्या व्यक्तीशी नीट बोलायला तयार असाल, तर तसे अवश्य कळवावे. आपला क्रमांक साथींखेरीज कोणालाही दिला जाणार नाही.

आपली नम्र,
कार्यकारिणी