प्रबंध मार्गी लावणाऱ्या मॅडमना

मॅडम,
सविनय नमस्कार.

नोकरी सांभाळून मनुष्यबळ विकासात पदव्युत्तर पदवी घेणारे अडतात ते प्रबंधापाशी. पेपर रात्री जागून निघतात, प्रबंध नाही. आमचे वेळेत झाले ते तुमच्यामुळे. नेमके कशामुळे, तेही लिहायला हवे.

‘प्रशिक्षणाचा कामगिरीवरील परिणाम’ असा ऐसपैस विषय तुम्ही हमखास परत पाठवलात. कोणते प्रशिक्षण, कोणते काम, कोणत्या नोंदीवरून मोजणार? आणि मुळात ही अडचण प्रशिक्षणाने सुटणारी आहे का? काम येत असूनही चुका होत असतील, तर आधी साधने आणि कामाचा बोजा तपासा, हा तुमचा आग्रह.

प्रशिक्षणाचा उपयोग किती झाला हे तपासण्यासाठी कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन, परिणाम या चार पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात. बहुतेक प्रबंध मात्र पहिलीवरच बसकण मारतात, कारण अभिप्रायाचे फॉर्म जागच्या जागी भरून मिळतात. तुम्ही आराखडा चौथीपासून उलटा करायला लावलात. वर्तन तीन महिन्यांनी मोजायचे आणि त्याची ‘आधीची’ मोजणी प्रशिक्षणापूर्वीच करून ठेवायची. प्रशिक्षण होऊन गेल्यावर विषय ठरला की ती संधी हुकते. मग लोकांच्या आठवणींवर विसंबण्यापेक्षा जुन्या चुकांच्या नोंदी काढा, किंवा प्रशिक्षण अजून न झालेल्या तुकडीशी तुलना करा, ही वाटही तुम्हीच दाखवलीत.

नमुन्याचा, म्हणजे किती जणांची उत्तरे पुरतील याचा हिशेब तर कायमचा लक्षात राहिला. १२० जणांच्या विभागात पाच टक्के चूक धरली की यामाने यांच्या सूत्राने ९३ उत्तरे लागतात. शंभरातले साठच फॉर्म परत येतात असे धरले, तर वाटायला हवेत १५५. माणसेच १२०! तेव्हा सरळ सगळ्यांना द्या आणि किती आले ते प्रामाणिकपणे लिहा.

याहून मोलाची अट म्हणजे साहेबाने आपल्याच हाताखालच्यांना प्रश्नावली वाटायची नाही. उत्तरे गोड येतात आणि निष्कर्ष फुकट जातो. वाटप त्रयस्थाकडे, पाकीट बंद, नाव नाही. विभागात चारच स्त्रिया असतील तर वय आणि लिंग हे दोन्ही रकाने एकत्र नकोत, नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

प्रशिक्षणावरच्या खर्चाच्या परताव्याच्या गणितात प्रशिक्षणार्थींच्या कामाच्या तासांचा पगार खर्चात धरायला लावलात. खर्च १००, लाभ १२५, तर परतावा २५ टक्के. १२५ लिहिणाऱ्यांची वही लाल झाली, ते योग्यच झाले.

आणि संस्थेची परवानगी लेखी, कोणत्या नोंदी किती काळ मिळणार या तपशिलासह. तोंडी ‘हो’ म्हणणारे अधिकारी बदलून जातात.

पुढच्या तुकडीचे ऐसपैस विषय आता तुमच्या टेबलावर येतीलच. आमच्या कच्च्या प्रश्नावल्या, तुमच्या लाल खुणांसकट, त्यांना खुशाल दाखवा.

आपले कृतज्ञ,
नोकरी करून शिकलेल्या तुकडीतले विद्यार्थी