हद्द कोणाची, आकडा कशाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या एका चिमुकल्या ग्रामीण वस्तीवरची चौकट वाचली. लोकसंख्या अमुक, क्षेत्रफळ तमुक, आणि शेवटी ‘ही वस्ती अनइन्कॉर्पोरेटेड आहे’ एवढंच. भूगोल शिकवण्यात हयात गेली, म्हणून राहवलं नाही.

अशा वस्तीला स्वतःची नगरपालिका नसते. रस्ते, पोलीस वगैरे सहसा काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, बघते. मुख्य म्हणजे तिला बहुतेकदा कायद्याने ठरलेली हद्दच नसते. मग क्षेत्रफळ मोजलं कशाचं? तर तिथला जनगणना विभाग आकडेवारीच्या सोयीसाठी अशा काही वस्त्यांभोवती रेघ आखतो. त्याला ‘सेन्सस डेझिग्नेटेड प्लेस’ म्हणतात. पुढच्या जनगणनेला ही रेघ सरकू शकते. त्यामुळे आकडा उतरला तर खरंच माणसं घटली की नुसती रेघ आत आली, हे दोन्ही जनगणनांचे नकाशे शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. ज्या वस्तीला रेघही मिळाली नाही, तिची माणसं आजूबाजूच्या मोठ्या बेरजेत जातात.

वायोमिंग राज्यातल्या ब्युफर्ड या अशाच अनइन्कॉर्पोरेटेड वस्तीच्या रस्त्यावर पाटी होती: लोकसंख्या १, उंची ८००० फूट. वस्ती म्हणजे हायवेलगतचा पेट्रोल पंप, दुकान आणि थोडी जागा. २०१२ साली लिलावात ती ९ लाख डॉलरला एका व्हिएतनामी व्यावसायिकाने घेतली. (पाटी रंगवायला जनगणना लागत नाही, हे ओघाने आलंच.)

बरं, अनइन्कॉर्पोरेटेड म्हणजे लहान, असंही नाही. लास वेगासचे बरेचसे नावाजलेले कॅसिनो ज्या पॅराडाइजमध्ये आहेत, ते अनइन्कॉर्पोरेटेडच. २०२० मध्ये तिथे १,९१,२३८ लोक मोजले गेले. उलट नेब्रास्कातलं मोनोवाय हे रीतसर इन्कॉर्पोरेटेड गाव. तिथे राहायची एकच बाई. महापौर, कारकून, खजिनदार सगळं तीच. तरी २०२० च्या जनगणनेत आकडा आला २! कोणाची खासगी माहिती उघडी पडू नये म्हणून लहान जागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी उलटापालट केली होती. एवढ्याशा गावात एकाचे दोन झाले की लोकसंख्या थेट दुप्पट.

तेव्हा विनंती एवढीच, की असा आकडा छापताना तो कोणत्या सालचा आणि कोणी आखलेल्या हद्दीतला, हे सोबत द्यावं. क्षेत्रफळ दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत दिलंत; ती जागा याला पुरली असती.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक