गृहमंत्री महोदय, नवे कॅमेरे घेण्याआधी जुने काय बघतात ते पाहा

मा. गृहमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

सुरक्षेवर बोलताना कॅमेऱ्यांचा आकडा आपण नेहमी सांगता. त्यातले किती कॅमेरे एकच जागा बघतात, हे मात्र कोणी सांगत नाही, कारण ते बहुधा कोणी तपासलेलंच नसतं. नकाशावर खांबाची खूण असते, पण खांबावरच्या कॅमेऱ्याचं तोंड आज कुठे आहे ते कळत नाही. सफाईवाल्याच्या शिडीचा धक्कासुद्धा त्याला फिरवायला पुरतो.

कंट्रोल रूममध्ये एकदा लाल पिशवीवाला माणूस एका पडद्याच्या कडेने निसटला. ऑपरेटर शेजारच्या पडद्यावर त्याला शोधत बसला. तो मात्र खालच्या ओळीतल्या पडद्यावर मघापासून पाठमोरा दिसत होता! दोन्ही कॅमेरे एकाच दाराकडे समोरासमोरून बघत होते आणि हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

माणसं बसवून हे तपासायचं म्हटलं, तर हजार कॅमेऱ्यांच्या ४,९९,५०० जोड्या होतात. चित्रं जुळवणारं सॉफ्टवेअरही इथे अडखळतं. समोरून दिसणारा माणूस आणि त्याचीच पाठ यांत सारखं काय सापडणार?

अॅडलेड विद्यापीठातल्या अँटन व्हॅन डेन हेंगेल आणि सहकाऱ्यांनी २००६ साली उलटा विचार मांडला. सगळे कॅमेरे एकच जागा बघतात असं आधी धरायचं. प्रत्येक चित्राचे चौकोन पाडायचे. एका चौकोनात कोणी आहे आणि त्याच क्षणी दुसऱ्यात कोणी नाही, तर ती जागा एक नाही. असे पुरावे साठले की चौकोनांची ती जोडी बाद. एका पुराव्यावर बाद करू नये, कारण सावली आणि पाऊस यंत्राला फसवतात. सामसूम रस्त्यावर पुरावाच मिळत नाही, तिथे थांबावं लागतं.

यात चेहरा लागत नाही, नाव लागत नाही. चौकोन भरला की रिकामा, एवढंच बघायचं. चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेपेक्षा मला हे कितीतरी सुसह्य वाटतं.

खरी अडचण आहे घड्याळांची. दोन कॅमेऱ्यांच्या वेळेत दहा सेकंदांचा फरक असेल, तर तेवढ्यात चालणारा माणूस दहा-बारा मीटर पुढे गेलेला असतो आणि खऱ्या जोड्याच बाद होतात. म्हणून सगळ्या कॅमेऱ्यांनी एकाच सर्व्हरवरून वेळ घ्यावी, ही अट निविदेत घाला. आपोआप फिरणारे कॅमेरे या हिशेबातून वेगळे ठेवा.

पुढची निविदा निघण्याआधी एखाद्या कंट्रोल रूमला पंधरा दिवसांच्या फुटेजवर हे करून बघायला सांगा. कोणते कॅमेरे एकमेकांच्या जागा बघतात आणि कोणते एकटेच आहेत, ते त्यातून दिसेल. एकट्यांपैकी एखादा बंद पडला तर तिथे बघणारं दुसरं कोणी नसतं. ती यादी खरेदीच्या फाइलला जोडावी, एवढीच विनंती.

आपला,
कंट्रोल रूममधला एक तंत्रज्ञ