मंजूस पत्र: स्लिट्स ऐकल्यावर

पुणे

प्रिय मंजू,

तुझं पत्र परवा मिळालं. स्लिट्स ह्या लंडनच्या मुलींच्या पंक बँडचा 'कट' हा अल्बम तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलास आणि वर चार पानं भरून लिहिलंस, ह्याचा इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण तुझ्या एका वाक्याशी मी अडून राहिलेय. "धड वाजवता येत नसताना स्टेजवर चढायचं, ह्यात कसलं आलंय कर्तृत्व?" तू पहाटे उठून खर्ज भरलेला आहेस, एकेका पलट्यासाठी बुवांची बोलणी खाल्ली आहेस. तुला असं वाटणं साहजिकच आहे. म्हणूनच सविस्तर लिहिते.

1976 च्या लंडनमध्ये पंक, म्हणजे ते खडबडीत, बंडखोर रॉक, वाजवणारी बहुतेक मुलंही नवशिकीच होती. तीन कॉर्ड जमल्या की बँड काढायचा, असाच तिथला रिवाज. पण मुलानं वेडंवाकडं वाजवलं की तो बंडखोर ठरायचा आणि मुलीनं तसंच वाजवलं की "हिला येत नाही" म्हणायचे. आणि यावं तरी कुठून? मुलगा गिटार शिकतो ती मित्रांच्या घोळक्यात, एकमेकांचं बघत, चुकत. मुलींना तो घोळकाच नव्हता. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी आपल्यासारखी मुलगी आपण पाहिलेली नव्हती, असं स्लिट्सची गिटारवादक व्हिव्ह अल्बर्टीननं पुढे सांगितलं आहे. आजीनं मागे ठेवलेल्या पैशांतून तिनं गिटार विकत घेतली, वाजवता येत नव्हती तेव्हाच. तुला निदान बसायला सतरंजी होती आणि समोर बुवा होते, मंजू.

बँड जमला त्याची गोष्ट मला फार आवडते. स्लिट्सची गायिका आरी अप तेव्हा 14 वर्षांची, जर्मनीत जन्मलेली पोर. लंडनमध्ये पॅटी स्मिथ ह्या अमेरिकन गायिकेच्या कार्यक्रमाला आईबरोबर आली होती आणि तिथेच आईशी कडाकडा भांडत होती. स्पेनहून आलेल्या पालोमानं ते पाहिलं आणि तिला तिथेच बँडमध्ये ये म्हणून विचारलं. ही पालोमा म्हणजे ड्रम वाजवणारी पामोलिव्ह. भांडणातला आवाज ऐकून तिनं गायिका निवडली! पुढे गिटारवर व्हिव्ह आली, बास गिटारवर टेसा पॉलिट. 11 मार्च 1977 ला हार्ल्सडनच्या कोलिझियममध्ये क्लॅश ह्या मुलांच्या पंक बँडच्या आधी स्लिट्स पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला उभ्या राहिल्या.

त्याच वर्षी मे महिन्यात त्या क्लॅशबरोबर ब्रिटनभर दौऱ्यावर निघाल्या. बसमध्ये सगळे पंकच, दंगेखोर, फाटक्या कपड्यांतले. पण ड्रायव्हरला आक्षेप होता तो फक्त ह्या मुलींवर. त्यांना बसमध्ये चढू द्यावं म्हणून त्याला रोज पैसे चारावे लागायचे. हॉटेलवाले बाहेर काढायचे. पुढे एकदा तर मागून येऊन एका माणसानं आरीवर चाकू चालवला. अंगावर कपड्यांचे थर होते म्हणून जखम खोल गेली नाही. कोवळ्या वयाची मुलगी, आणि गुन्हा काय, तर केस पिंजारून मोठ्यानं गाते. ह्या सगळ्यानंतरही पुढच्या कार्यक्रमाला त्या उभ्या राहत होत्या. तुझ्या प्रश्नातलं कर्तृत्व मला आधी इथं दिसतं.

पण केवळ धाडसासाठी मी तुला हा अल्बम ऐकवला नसता. संगीताकडे येते. सप्टेंबर 1977 मध्ये जॉन पीलच्या बीबीसी रेडिओवरच्या कार्यक्रमासाठी त्यांनी काही गाणी ध्वनिमुद्रित केली. ती ऐकलीस तर कान झाकशील, नुसता कल्लोळ आहे. त्यानंतर 'कट' ऐक. तो सप्टेंबर 1979 चा, म्हणजे मध्ये फक्त दोन वर्षं गेली. ह्या दोन वर्षांत त्या लोकांसमोर शिकल्या. निर्माता होता डेनिस बोव्हेल, बार्बाडोसहून लहानपणी लंडनला आलेला, रेगे आणि डब ह्या जमैकाच्या संगीतात मुरलेला. त्यानं त्यांचा कल्लोळ गुळगुळीत केला नाही, त्यात जागा मोकळ्या केल्या. 'न्यूटाऊन' पुन्हा लाव. गाणं व्यसनांवर आहे, आणि तालात जे बारीक आवाज येतात ते काडी ओढल्याचे आणि चमचा पडल्याचे आहेत. काडी आणि चमचा, दोन्ही नशेच्या सामानातले. विषय शब्दांत सांगून झाला तरी तालातही तो आहे. बंदिशीत असं काही सापडलं असतं तर तू मला रात्री फोन केला असतास.

आणि लय! 'टिपिकल गर्ल्स' भरभर धावता धावता एकदम ढिली पडते, मग पुन्हा उचलते. रॉकचा तो सरळसोट ठोका त्यांना नकोच होता. पुरुषांच्या बँडसारखं वाजवून दाखवण्याची हौसही नव्हती. तू लिहिलंस की "सम कुठे आहे ते कळत नाही." मला वाटतं तुझ्या कानाला नेमकं तेच लागलंय. ती सम मुद्दाम हलवलेली आहे, आणि गाणं कशाबद्दल आहे? साच्यातली मुलगी कोणी घडवली, असं विचारणारं.

मुखपृष्ठाबद्दल तू जपून लिहिलंयस, मी सरळ सांगते. तिघी चिखलानं माखलेल्या, कमरेला फडकं, नजर थेट आपल्याकडे. सरेमधल्या रिज फार्म स्टुडिओत तो अल्बम झाला, चिखलही तिथलाच. फोटो पेनी स्मिथ ह्या बाईनं काढलाय. त्या उघड्या आहेत, पण कुणाला रिझवायला उभ्या नाहीत. मला तो फोटो देखणा वाटतो.

मुखपृष्ठावर पामोलिव्ह नाही, कारण तोपर्यंत ती बँड सोडून गेली होती. (पुढे ती काही काळ भारतातही येऊन गेली.) आणि इथून जे सुरू होतं त्यावरच तर मला तुझ्याशी बोलायचंय. जीना बर्च नावाच्या चित्रकला शिकणाऱ्या मुलीनं स्लिट्सना वाजवताना पाहिलं आणि बास विकत घेतला. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून आलेली आना द सिल्वा आणि ती मिळून रेनकोट्स हा बँड निघाला, त्यात पामोलिव्ह ड्रमवर आली आणि व्हिकी ॲस्पिनॉल व्हायोलिनवर, तीही पाश्चात्त्य शास्त्रीय शिकलेली. म्हणजे तुझ्यासारखीलाही तिथे जागा होती! पामोलिव्हचं 'अॅडव्हेंचर्स क्लोज टू होम' हे गाणं 1979 मध्येच दोन्ही बँडच्या अल्बमवर आलं. एकामागून एक दोन्ही ऐक. पुढे रेनकोट्स विस्मरणात गेला, आना लंडनमध्ये जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करत होती, आणि 1992 मध्ये 'निर्वाणा' ह्या गाजलेल्या अमेरिकन बँडचा गायक कर्ट कोबेन त्यांचा अल्बम शोधत तिथे पोचला. त्यानं मनावर घेतलं म्हणून रेनकोट्सची रेकॉर्ड पुन्हा निघाली. तोवर अमेरिकेत ऑलिंपिया गावात बिकिनी किलसारख्या बँडमधून मुलींची पुढची फळी उभी राहिली होती. बिकिनी किलची गायिका कॅथलीन हॅना मुलींना स्टेजजवळ पुढे बोलवायची आणि मुलांना मागे व्हायला सांगायची, म्हणजे धक्के न खाता त्यांना वाजवणाऱ्या बायका दिसाव्यात. उत्तम गाणारी दिसली की आपण टाळ्या वाजवतो. शिकता शिकता वाजवणारी दिसली की वाटतं, उद्या मीही. जीनाला तेच वाटलं.

आरी 2010 मध्ये गेली, अवघी 48 वर्षांची. व्हिव्ह मात्र अजून तशीच आहे. 2016 साली ब्रिटिश लायब्ररीत पंकचं प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या एका फलकावर फक्त पुरुषांच्या बँडची नावं होती. व्हिव्ह तिथे बोलायला आली, पेन काढलं, ती नावं खोडली आणि स्लिट्स, एक्स-रे स्पेक्स, सूझी अँड द बॅनशीज अशी नावं लिहिली. खाली "बायकांचं काय?" असं लिहून सही ठोकली.

रेनकोट्सचा पहिला अल्बम सोबत पाठवते आहे. आधी व्हायोलिन ऐक, आणि मग ह्या पत्राशी भांडायचं असेल तर भांड. लांबलचक लिही.

तुझीच,
वंदू