जुन्या बियाण्यांबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, मृगाच्या तोंडावर जुन्या पुड्या सरसकट फेकूही नयेत आणि तपासल्याशिवाय पेरूही नयेत. कांद्याचे बी वर्षभरातच निकामी होऊ लागते, म्हणून ते नवेच घ्यावे. वांगी, टोमॅटो, काकडी यांचे कोरडे राखलेले बी मात्र ३-४ वर्षेही उगवते, पण कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत उघडी राहिलेली पुडी याला अपवाद समजावी. शंका असल्यास १० बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात आणि आठवड्याने (वांगी-मिरचीला दोन आठवडे द्यावेत) मोड मोजावेत. आठ बियांना मोड आल्यास निर्धास्त पेरावे, पाच-सहांना आल्यास दाट पेरावे. औषध लावलेले रंगीत बी उरल्यास पाखरांना टाकू नये.